आक्काचा हुडवा

दुपारी पावणेदोनच्या सुमारास आक्काच्या गोठ्याला आग लागली. त्या वेळी डोंगरावर कुठेही धूर नव्हता.

कृष्णात दूध संस्थेच्या ओसरीत जेवणाचा डबा उघडून बसला होता. पहाटेपासून वाडीतली माणसं घेऊन तो डोंगराच्या पायथ्याला राबला होता, अंगाला अजून जळक्या गवताचा वास होता. यंदा वणवा वाडीत उतरत नाही, असं तो बोलत असतानाच वरच्या आळीतून ओरडा आला. बाहेर येऊन त्यानं आधी डोंगराकडे पाहिलं. डोंगर मोकळा होता. धूर निघत होता तो त्याच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या दारातून.

वाडी कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. माघ संपता संपता गवत वाळतं आणि मग वळवाच्या पावसापर्यंत ते कधी पेटेल याचा नेम नसतो. आपोआप मात्र ते सहसा पेटत नाही. जुनं गवत जाळलं की पावसात कोवळं फुटतं, म्हणून कोणीतरी काडी लावतं. वारा फिरला की मग ते कुणाच्या हातात राहत नाही. गेल्या साली असंच झालं. वणवा खाली आला, गवताच्या गंजी आणि आंब्याची कलमं खाऊन गेला. काडी बनाबाईच्या लेकानं, सम्राटनं लावली होती आणि ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वनखात्याचा माणूस विचारायला आला तेव्हा वाडी मुकी झाली. एकट्या आक्कानं नाव सांगितलं.

सम्राटला दोन दिवस कचेरीत बसवून ठेवलं. तो परतला त्या दिवसापासून आक्काच्या दारात कोणी आलं नाही. बारसं, जावळ, हळदीकुंकू, कुठलंच आवतण नाही. ती गिरणीत गेली की बायकांचं बोलणं तिथल्या तिथं थांबायचं.

वाडीत कोणी वारलं की त्या दारात घरटी पाच शेणी, म्हणजे गोवऱ्या, जातात. सरण त्यांचंच रचतात. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या, मूलबाळ नसलेल्या आक्कानं एवढं ओळखलं की आपल्या वेळी कोणी शेणी घेऊन येणार नाही. तिनं एकच म्हैस राखली होती. तिच्या शेणाच्या शेणी थापून, वाळवून तिनं घराच्या मागच्या भिंतीला हुडवा रचला आणि वरून पाचटानं शाकारला.

“माझ्या मयताला कुणाच्या दारात जाऊ नगंस,” तिनं कृष्णातला सांगितलं होतं. “समदं करून ठेवलंय.”

यंदा वणव्याच्या तयारीचं काम वाडीनं कृष्णातच्या गळ्यात घातलं. घरांमागची पिंजरं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे ढीग, खालच्या अंगाला हलवायची, दारात पाण्याची पिंपं भरून ठेवायची, आणि पायथ्याला जाळरेषा काढायची. म्हणजे ओल्या डहाळ्या घेऊन माणसं उभी करायची आणि गवताचा रुंद पट्टा आपणच जाळून टाकायचा. वरून उतरणाऱ्या आगीला तिथं खायला काही उरत नाही. सगळं जुळलं, अडलं ते आक्काच्या हुडव्यापाशी. डोंगराकडून पहिलं घर तिचं.

“सरण डोंगराला चिकटवून ठेवलंय तिनं,” बनाबाई बैठकीत म्हणाली. “एकटी जाणारी न्हाय ती. आमाला समद्यास्नी घिऊन जाणार.”

कोणीतरी हसलं. कृष्णात हसला नाही. तो उठून आक्काकडे गेला.

“स्मशानातल्या शेडात ठेवू की,” तो म्हणाला. “कोरड्या राहतील.”

“तितं ठिवल्या की दुसऱ्याचंच मढं जळंल त्यावर. मग माझ्या वक्ताला?”

“एवढ्यात कुठं चाललीस तू?”

“इचारून नेतंय व्हय रं कोण?” आक्का म्हणाली. “मी न्हाय देत जा. आणि वणवा आला तर मी बसतो हितंच.”

ती बधली ती आज सकाळी, पट्टा पेटलेला पाहून. हुडवा गोठ्यात, तिच्या नजरेसमोर ठेवायचा, या अटीवर. गोठा लाकडी वाशांचा, आत म्हैस बांधलेली. ही जागा बरोबर नव्हे हे कृष्णातला कळत होतं. पण बहीण कधी नव्हे ती हो म्हणाली होती, आणि माणसं खोळंबली होती.

हलवायच्या आधी वाऱ्याची एक झुळूक आली. पट्ट्यावरच्या ठिणग्या उडून हुडव्याच्या पाचटावर पडल्या आणि एक कोपरा भपकन पेटला. जवळ सम्राटच होता. त्यानं पिंपातल्या बादल्या ओतून तो विझवला. मग माणसांनी रांग धरली आणि शेणी हातोहात गोठ्यात जाऊ लागल्या.

आक्का दारात उभी होती. सम्राट समोरून गेला तेव्हा ती वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“सावकाश रं. फोडू नगंस.”

“शेणी हायत का अंडी, आक्का?”

रांग हसली. आक्कानं पदर तोंडाला लावला. कृष्णातला वाटलं, वणव्याचं राहू दे, आज हे एक काम झालं.

जळक्या कोपऱ्यातल्या शेणी त्यानं तळहात लावून पाहिल्या. गार होत्या. शेणी बाहेरून गार लागते आणि आत निखारा धरून बसते, हे वाडीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. आक्का स्वतः रात्री चुलीत शेणी पुरून ठेवायची आणि पहाटे त्याच निखाऱ्यावर चहाचं आधण ठेवायची. एखादी मोडून पाहिली असती तर कळलं असतं. पण ती फोडू नका म्हणाली होती, आणि त्या घटकेला तिचं मन कोणालाच मोडायचं नव्हतं.

कृष्णात धावत पोचला तेव्हा गोठ्याचे वासे पेटले होते. आक्का म्हशीचं दावं सोडायला आत शिरली होती. म्हैस पाठ होरपळून बाहेर आली. आक्का आली नाही. सम्राट ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेला आणि तिला ओढत बाहेर घेऊन आला. तिचं नायलॉनचं लुगडं अंगाला चिकटलं होतं. ती ओरडत नव्हती, त्याचीच कृष्णातला जास्त भीती वाटली.

संस्थेच्या टेम्पोत घालून तिला कोल्हापूरला नेलं. कृष्णातची लेक वर्षाराणी शहरात नोकरीला होती, ती दवाखान्याच्या फाटकातच भेटली. भाजलेल्यांच्या वॉर्डात एकालाच थांबू देतात. ती थांबली. कृष्णात आक्काचं आधार कार्ड न्यायला आणि म्हशीचं बघायला माघारी आला.

दिवस मावळत होता. गोठ्याच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. आत शेणींचा ढीग राखेखाली लाल धुमसत होता आणि सम्राट त्यावर पाणी ओतत होता. त्याचे दोन्ही हात फडक्यांत गुंडाळलेले होते. कृष्णातनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान वर केली नाही.

अंगणात बनाबाई उभी होती. कमरेवरच्या बुट्टीत पाच शेणी होत्या.

कृष्णात बुट्टीपाशी थांबला. “काकू, हे काय? ती जित्ती हाय अजून.”

“म्हाईत हाय मला.”

“मग ह्या कशाला आणल्या?”

“जित्ती हाय म्हणूनच आणल्या. तिच्या जळाल्या न्हवं. आली की डोळ्यानं बघू दे तिला.”

तिच्यामागून आणखी दोघी बुट्ट्या घेऊन चढ चढत होत्या. त्यांना परत पाठवावं की ठेवून घ्यावं, कृष्णातला ठरवता येईना. जित्या माणसाच्या दारात अशा शेणी आलेल्या त्यानं पाहिल्या नव्हत्या. शेवटी त्यानं घराच्या खालच्या अंगाची, भिंतीपासून लांबची जागा दाखवली. बनाबाईच्या बुट्टीतली एक शेणी उचलली, मधोमध मोडली आणि आत बोट घालून पाहिलं. बनाबाईनं बाकीच्या चार तिथं रचल्या.

तेवढ्यात वर्षाराणीचा फोन आला. आत्याला शुद्ध आहे. म्हैस वाचली का, एवढंच आत्यानं विचारलं. डॉक्टर सकाळपर्यंत काही सांगणार नाहीत.

“वाचली म्हण तिला,” कृष्णात म्हणाला.

“आणि शेणींचं विचारलं तर?”

त्यानं अंगणात पाहिलं. चौथी बुट्टी रिकामी होत होती. उत्तर देण्याआधी फोन कट झाला. त्यानं दोनदा लावून पाहिला, लागला नाही.

डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर, जाळरेषेच्या बऱ्याच वर, एक बारीक लाल रेघ दिसायला लागली होती. वारा अजून वाडीकडे फिरला नव्हता.