पांढरी रेघ

मिस्त्रींनी लेकीच्या गाडीचं पुढचं चाक काढलं. ब्रेकचे पॅड धरून ठेवणारा कॅलिपर एकाच बोल्टवर लोंबकळत होता. खालचा बोल्ट वाटेतच कुठेतरी गळालेला. सुटलेल्या कॅलिपरने रिम आतून खरवडली होती, ब्रेकचा पाइप फाडला होता. उतारावर हँडब्रेक ओढायचं सुचलं म्हणून पोरगी वाचली. "बाबा, ब्रेकचं काम तुम्हीच केलं होतं ना?" एवढंच तिने विचारलं.

कसलं काय! त्या दिवशी मिस्त्री तापाने फणफणले होते. काम केलं मेहुण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्यांच्या हाताखाली.

गॅरेजचा नियम एकच: बोल्ट आवळला, की आवळणाऱ्याने त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची. मिस्त्रींची पांढरी, मेहुण्याची लाल. उरलेल्या बोल्टवर रेघ पांढरी होती.

"अहो दाजी, घाईत हाताला आली ती बाटली उचलली," मेहुणा म्हणाला. "आवळायचं राहिलं, चुकलंच माझं. भाचीच्या जिवावर उठेन का मी?"

माणूस आहे, चुकतो, असं मिस्त्रींनी मनाला बजावलं. नवा कॅलिपर, नवे पॅड, नवा पाइप बसवला, पेडल दाबून दाबून आतली हवा काढली. पण मन थाऱ्यावर येईना. शेजारी शाळेची व्हॅन होती, मेहुण्याने सकाळीच तयार केलेली. तिची पुढची चाकं काढली. दोन्ही कॅलिपरच्या मिळून चारही बोल्टांवर पांढरी रेघ! तीन घट्ट होते. चौथा नुसत्या बोटांनी फिरला.

"आणि ही? हीसुद्धा घाईच का रे?"

मेहुण्याने मान खाली घातली. "काही झालंच, तर तुमच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, दाजी. मला मात्र फाडून खातील."

"पोटच्या पोरासारखं वागवलं तुला, आणि केसाने गळा कापलास माझा!" मिस्त्रींचा आवाज चिरकला. "किती गाड्यांवर ओढलीस?"

"मोजल्या नाहीत."

मिस्त्रींनी गिऱ्हाइकांची वही उघडली आणि पहिला फोन लावला. "गाडी हलवू नका. ब्रेकचे बोल्ट तपासायला मी येतोय."

"का हो, काम तुम्हीच केलं होतं ना? तुमची रेघ दाखवली होती आम्हाला."

"काम माझं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "रेघ माझी आहे."