साक्षीदाराचं धुराडं

जन्मात एकदाच कोर्टाची पायरी चढलो, तीही शेजारणीच्या बाजूने साक्ष द्यायला. हिल्दाबाईंनी थेट सरकारवर दावा लावला होता. पोलंडच्या सिलेसिया भागातल्या आमच्या गावची हवा हिवाळ्यात श्वास घेण्याच्या लायकीची राहत नाही आणि सरकार हातावर हात ठेवून बसलंय, असं त्यांचं म्हणणं. बाईंना दमा. चाळीस वर्षं आमची घरं समोरासमोर, तेव्हा साक्षीदार म्हणून त्यांना मीच आठवलो.

काटोवित्सेच्या कोर्टात मी छान बोललो. खरं सांगेन अशी शपथ घेऊन बोललो. ऑक्टोबर ते मार्च संध्याकाळी बाईंची खिडकी बंद असते, दोरीवरची चादर काळी होते, दोनदा ॲम्ब्युलन्स आली, सगळं सांगितलं. न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या. मग सरकारी वकील उठला. माझ्या नातवाच्या वयाचा.

"पित्लिकसाहेब, सरकार काही कुणाच्या घरी भट्टी पेटवायला जात नाही. तुमच्या घरी काय जळतं?"

कोळसा जळतो. थंडी वाढली की खाणीतला कोळशाचा ओला गाळसुद्धा, ज्याच्यावर बंदी आहे. तीस वर्षं खाणीत काढली, काळ्या ढेकळांची मला कसली किळस? घर गरम ठेवायची भट्टी बदलायला नगरपालिका पैशाची मदत करते. त्याचा अर्ज तीन वर्षं माझ्या खणात लोळतोय. आणि माझं धुराडं बरोबर हिल्दाबाईंच्या खिडकीसमोर.

"गॅस," मी म्हणालो.

कारकुनाने ते टाइप केलं. कोळसा म्हटलं असतं तर बाईंचा दावाच बुडाला असता, अशी मी मनाची समजूत घातली. थापा सगळ्या! मागच्या बाकांवर पत्रकार बसले होते आणि मला माझी अब्रू झाकायची होती, एवढंच. बाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी डबा उघडला.

"घ्या शेजारी, चरबी लावलेला पाव आहे. सकाळपासून उपाशी आहात."

"भूक नाही."

"तिथे एवढी टकळी चालवलीत, आणि आता तोंडाला कुलूप?"

घेतला.

घरी माझी बायको ट्रुडा दोन स्वेटर घालून कुडकुडत होती. "आलात एकदाचे! माझे गुडघे आखडले. आधी ती भट्टी पेटवा."

"आज राहू दे."

"का? न्यायाधीशबाई जेवायला येणार आहेत?"

कोळशाची बादली घेऊन मी अंगणात नुसता उभा राहिलो. समोर हिल्दाबाई खिडकीत आल्या.

"अहो शेजारी, असे पुतळ्यासारखे काय उभे? ट्रुडा गारठली असेल. पेटवा खुशाल. मी खिडकी लावून घेते."

मी बादली खाली ठेवली.

"रोज चारला लावतेच की, तुमच्या भट्टीच्या आधी," त्या म्हणाल्या. "आज बसमुळे उशीर झाला."

खिडकी लागली. काचेमागे त्या फटींत ओला टॉवेल खोचत होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सवयीच्या हातांनी. याच बंद खिडकीबद्दल मी कोर्टात तोंड भरून बोललो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी आत गेलो आणि भट्टी पेटवली. ट्रुडा गारठली होती.