पुरावा नसलेला शब्द

महागावच्या भगवानराव सरांच्या डेस्कटॉपवर नवा डेटाबेस बसवायला पूनमसिंग आला, तेव्हा त्याच्या मनात उत्साहाखेरीज काही नव्हते. परिसरातील बोलींचा शब्दकोश दोघांचा होता. संगणकाची बाजू त्याची, संपादनाची सरांची. नियम मात्र एकच: शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून दोघांनी ऐकावा, दोघांनी मान डोलवावी, मगच तो नोंदवावा. काढायचा झाला, तरी दोघांनीच.

संगणकावर प्रणाली बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरला त्याने एका ओळीची आज्ञा दिली. डेटाबेसला जे जे लागते ते त्या मॅनेजरने आपणच शोधून आणले आणि जागच्या जागी बसवले. मग पूनमसिंगने जुन्यातले शब्द नव्यात उतरवले आणि पडताळणीसाठी सवयीने पहिला शब्द शोधला: याडी. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. तांड्यावर त्याच्या आईनेच तो सांगितला होता, सरांच्या ताटात बाटी वाढता वाढता. ती आता राहिली नव्हती.

उत्तर कोरे आले. उतरवताना सांडला असेल, म्हणून त्याने जुन्या डेटाबेसात पाहिले. तिथेही नव्हता. तिने सांगितलेला एकही शब्द नव्हता.

सर चष्मा पुसत राहिले. प्रकाशकाला छापील ग्रंथातला पुरावा हवा होता, असे ते सावकाश सांगू लागले. आधारावाचून कोशाला कोण मानतो, हेही.

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आन् माह्या याडीच्या हातची बाटी खाल्ली, ते?"

अनुस्वारावरूनही संध्याकाळभर वाद घालणाऱ्या सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

जुन्या डेटाबेसचे पॅकेज काढणे तेवढे उरले होते. काढताना पडद्यावर प्रश्न उमटला: साठवलेली माहितीही पुसायची काय? जुने पुसले, तर नवे पुसायला कितीसा वेळ. बोट कळीवर थबकले. पण त्या कोशात इतरांच्या आयांचेही शब्द होते. त्याने 'नाही' निवडले, नव्या डेटाबेसला पासवर्ड घातला आणि तो उठला.

"पासवर्ड काय ठेवला?" सरांनी विचारले.

"याडी. रोज टाका लागन, सर. त्याबिगर हे उघडत नाही."

तो बदलायचा कसा, हे सरांना ठाऊक नव्हते. आणि ते शिकवायला पूनमसिंग थांबला नाही.