निर्गुडीच्या छडीचा संताप

मी एक जुनी निर्गुडीची छडी आहे. मित्रांनो, मला पाहिलं की तुम्ही हात मागे घेता. घ्याच. आज माझं डोकं फिरलेलं आहे.

औसा तालुक्यातल्या एका ओढ्याकाठी जलील गुरुजींनी मला तोडलं, सोललं आणि तेल लावून सरळ केलं. कशासाठी, ते सांगायला नको. पण त्याच वर्षी भूकंप झाला. शाळा पडली आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरू लागले. जी पोरं उरली होती, त्यांच्यावर मला उगारायला गुरुजींचा हात उठेना.

पोरं धडा घडाघडा वाचत. डोक्यात मात्र काही शिरत नसे. एकदा उज्वला नावाच्या मुलीने विहिरीवर रडणाऱ्या मुलाचा धडा असाच वाचून टाकला. गुरुजींनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "काढ मातीत. कुठं हाय विहीर?"

तिने माझ्या टोकाने विहीर काढली. पाणी पार खाली दाखवलं. मग पोहरा आणि दोर काढला, आणि एकदम ओरडली, "गुर्जी, दोर पुरंना की! म्हणून रडून राहिलंय पोरगं!"

"हाव! आता वाचलंस तू," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

उज्वला शिकली. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तसा तिनेही शिष्यवृत्तीचा क्लास काढला. गुरुजींनी मला मोठ्या कौतुकाने तिच्या हवाली केलं. तिथे माती नव्हती, फरशी होती. ती मला फळ्यावर आपटून सांगे, "आधी प्रश्न वाचायचा. मग उताऱ्यात शब्द हुडकायचा. अख्खा उतारा वाचत बसायचं न्हाई!"

एकदा उतारा आला. भूकंपानंतर शेडमध्ये एकटी राहणारी एक म्हातारी रोज दोन भाकरी जास्त थापते. प्रश्न होता, किती भाकरी जास्त? सगळ्यांनी उत्तरपत्रिकेत 'दोन'चा गोल काळा केला. इकरा नावाची मुलगी मात्र डोळे मिटून बसली होती.

उज्वलाने मला तिच्या बोटांवर मारलं. हो, उज्वलानेच! "झोपती व्हय गं?"

"झोपले न्हाई बाई, बघून राहिले," इकरा रडत म्हणाली. "त्या दोन भाकरी ती कुणासाठी ठेवती?"

"त्याला मार्क न्हाईत. पुढं चल!"

अगं उज्वला, तुझ्याच गावचा उतारा होता तो! मला तोंड असतं तर मी भर वर्गात तिला झापलं असतं. एका पोरीला दिसायला लागलं होतं, आणि तिचे डोळे माझ्याकरवी उघडून ते घालवलं. मला माझीच लाज वाटते.

पुढे इकराला पैकीच्या पैकी मार्क पडले. क्लासच्या फलकावर तिचा फोटो लागला. सत्काराला तिची आई जाहिदा आली होती. लेकीचा तो भाकरींच्या उताऱ्याचा पेपर हातात घेऊन तिने कौतुकाने विचारलं, "या उताऱ्यात काय होतं गं?"

"दोन," इकरा म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. खुशाल चुलीत घाला. पण वाचताना मनात प्रश्न उठला, तर मार्क नाहीत म्हणून तो गिळू नका. मी बोटांवर बसले तरी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा विचारा.