नाव घासलेले डोंगे

माणसाला कुणाचं भलं करायची घाई झाली, की त्याच्या हातून जे होऊन बसतं ते दुष्टाला ठरवूनही जमत नाही. वैभवीच्या मनात काही वाईट होतं असं तिचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. सासूनं चार घास पोटभर खावेत, एवढंच तिला हवं होतं.

सासरे गोपाळराव गेल्यापासून सासूबाई, सिंधूताई, आपलं ताट घेऊन आपल्या खोलीत जायच्या. पलंगाच्या कडेला बसून खायच्या आणि ताट अर्धं तसंच परत यायचं. मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये वैभवीनं मोठ्या हौसेनं डायनिंग टेबल घेतलं होतं, पण त्यावर ती आणि तिचा नवरा ऋषिकेश दोघंच. त्याची हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट बदलली की ती एकटीच. सासू दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि सुनेला ते बघवत नव्हतं. सुनांबद्दल लोक काय काय बोलतात, पण अशाही असतात.

शेवटी तिनं सरळच विचारलं, "आई, तुम्ही टेबलवर काहून नाही बसत?"

"बसली असती वं," सिंधूताई म्हणाल्या. "पण त्या काचेच्या भांड्यातून वाढून घेतलं की मले जेवल्यासारखं नाही वाटत. आपल्याकडे ते झाकणाचे स्टीलचे डोंगे होते न. झाकण उचललं की वाफ तोंडावर यायची. तुझे सासरे वासावरूनच भाजी ओळखायचे."

ते डोंगे फ्लॅटमध्ये राहायला येताना वैभवीनंच मोडीत घातले होते आणि त्यावर नॉनस्टिकचा सेट आणला होता. तेव्हा जुनं स्टील म्हणजे अडगळ होती. आता मोबाइलवर पाहावं तर मुंबई-पुण्याच्या बाया तेच डोंगे टेबलावर मांडून, व्हिंटेज म्हणून मिरवत होत्या. वैभवीला हुरूप आला. आपले गेले ते गेले, तसेच दुसरे शोधू म्हणून ती मे महिन्याच्या उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर इतवारीच्या भांडेबाजारात गेली.

चंपतरावांच्या दुकानात पुढे नवा चकचकीत माल आणि मागे मोडीत आलेल्या भांड्यांची पोती होती. "आजकाल येतात पोरी व्हिंटेज मागाले," चंपतराव म्हणाले. "आम्ही याले भंगार म्हणतो. बसा ताई, पाहा आरामात."

पोत्यांत हात घालून तिचे कोपर काळे झाले, पण सापडले. गोल, खोलगट, झाकणाचे दोन डोंगे आणि भातासाठी एक लांबट तबक. झाकणाला कळीसारखी मूठ होती. हातात घेतल्याबरोबर जाणवावं असं जुन्या स्टीलचं वजन होतं. वैभवीनं डोंगा उलटा केला, तर बुडाशी बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं. 'सौ.'नं सुरू होणारं कुणा बाईचं नाव. दुसऱ्या डोंग्यावर तेच, तबकावरही तेच.

"नाव आहे यावर," ती म्हणाली.

"मग काय झालं? बाजूले पालिशवाला बसते न. तुमचा चहा होतपर्यंत कोरं करून देते."

वैभवी क्षणभर थांबली. कुण्या बाईनं हौसेनं टाकलेलं नाव, तिच्या संसाराची वस्तू. पण परक्या बाईच्या नावाची भांडी पाहून सासूबाई हातसुद्धा लावणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. तिनं भांडी पालिशवाल्याच्या हाती दिली. चाक फिरलं, कर्र आवाज आला आणि अक्षरं एकेक करून पुसट झाली. शेवटी 'सौ.' तेवढा राहिला, मग तोही गेला. घरी येऊन तिनं सांगितलं की डोंगे नवे आहेत.

त्या संध्याकाळी तिनं गोळाभात आणि पाटोडीचा रस्सा केला. सिंधूताई आल्या, खुर्चीवर बसल्या, त्यांनी स्वतः झाकण उचललं आणि वाफ तोंडावर घेत डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मागून भात घेतला. वैभवीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचं जेवण सुचेना.

"तिघांत एवढाले डोंगे?" ऋषिकेश हसत म्हणाला. "असतील शितं तर जमतील भुतं."

सगळे हसले. म्हण जुनीच, आणि म्हणींचा अर्थ जेवताना कोण पाहतो.

आठवडा बरा गेला. मग एके दिवशी जेवताना सिंधूताईंनी हातातला घास तसाच धरून विचारलं, "वैभवी, कोणाची भांडी आपल्याकडे राहून गेली का वं?"

"नाही आई. काहून?"

"दुपारी आवाज येते. कोणी भांडी उलटी करून पाहून राहिलं असं वाटते."

"कूलरचा असेल."

"कूलरचा नाही," सिंधूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ऋषिकेशनं बायकोला बाजूला घेतलं. बाबा गेल्याचा धक्का आहे, वय आहे, एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवू, असं तो म्हणाला. भिंतीपलीकडे सिंधूताईंनी ते ऐकलं असावं. त्या दिवसापासून त्या काही बोलेनाशा झाल्या आणि ताट घेऊन परत आपल्या खोलीत जाऊ लागल्या. जाताना त्या दाराची चौकट हातानं चाचपायच्या, आपण बरोबर जातो आहोत ना अशी शंका आल्यागत. आपलं डोकं फिरलं असं त्यांना खरंच वाटू लागलं होतं. वैभवीला ते पाहून रडू यायचं, पण खोटं एकदा बोलून झालं की ते गिळायलाही जड आणि थुंकायलाही.

मग एका दुपारी ती बँकेतल्या नोकरीवरून अर्धी सुटी टाकून लवकर घरी आली. सिंधूताई खोलीत झोपल्या होत्या. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलर बंद होता, कारण लाइट गेली होती. आणि स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

एक भांडं उचलल्याचा. मग थोडं थांबणं. मग ते पालथं ठेवल्याचा. मग दुसरं. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. कुणीतरी अगदी मन लावून एकेक भांडं उलटून बघत होतं. वैभवी दारात पोचली आणि आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. ओट्यावर, रॅकवर, फडताळात घरातलं प्रत्येक भांडं पालथं होतं. वाट्या, पेले, कढई, दुधाचं पातेलं, चहाची गाळणीसुद्धा. फक्त ते दोन डोंगे आणि तबक वेगळे काढून जमिनीवर ओळीनं ठेवले होते, तेही पालथे. दुधाचं पातेलं तर भरलेलंच पालथं केलं होतं. ओट्यावरून दूध टिपटिप खाली गळत होतं. वैभवी तिथंच उंबऱ्याला टेकून बसली.

मागे सिंधूताई येऊन उभ्या होत्या. "म्हणजे तूही ऐकली," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा सुटका जास्त होती.

वैभवीनं सगळं सांगितलं. इतवारी, पोतं, बुडाशी असलेलं नाव, पालिशवाल्याचं चाक. सिंधूताई रागावल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"आमच्या उमरेडले लग्न असलं की साऱ्या गल्लीतली भांडी गोळा व्हायची," त्या सांगू लागल्या. "दुसऱ्या दिवशी बाया यायच्या, अंगणात बसायच्या, एकेक भांडं उलटं करून नाव पाहायच्या. नाव दिसलं की घेऊन आपापल्या घरी. नाव नसलं तर ते भांडं कोणाचंच नाही. ही बाई भांडी घ्याले आली वं. भांडी तिची आहेत हे तिले समजते, पण नाव दिसत नाही, तर उचलणार कशी? अन् घेतल्याशिवाय जाणार कशी?"

"मग आपणच देऊन टाकू तिले."

"काय नाव होतं?"

वैभवीनं आठवून पाहिलं. 'सौ.' आठवत होता. पुढचं काही केल्या आठवेना. तिनं ते वाचलं होतं, तिन्ही भांड्यांवर वाचलं होतं, आणि आता तिथं डोंग्याच्या बुडासारखं गुळगुळीत कोरं होतं.

ती तशीच इतवारीत गेली. चंपतरावांना काही आठवेना. "किलोच्या मालावर नाव कोण वाचते ताई?" ते म्हणाले. पालिशवाल्यानं तर नुसती मान हलवली.

"राहू दे," घरी आल्यावर सिंधूताई म्हणाल्या. "रोज तिचं एक ताट वाढत जाऊ. जेवणाऱ्याले नाव लागत नाही. पोट भरलं की बसेल एका जागी."

त्यांनी त्या रात्री चौथं ताट मांडलंही. ऋषिकेश ताडकन उठला आणि न जेवता निघून गेला. वैभवी जेवली, पण तिची नजर त्या रिकाम्या खुर्चीवरून हलेना. असं रोज जेवणं तिला जमणार नव्हतं. विचार करता करता तिला वाटलं, नाव नाही म्हणूनच हे सगळं आहे ना? मग नाव टाकावं. सासूबाईंनाही बरं वाटेल, आपले गेलेले डोंगे परत आल्यासारखं. भल्याची घाई तिला पुन्हा झाली. कुणाला न विचारता ती भांडी घेऊन गेली आणि मशीनवाल्याकडून ठळक अक्षरांत नाव टाकून आणली.

तिनं डोंगा सासूच्या हातात दिला. सिंधूताईंनी तो उलटा केला, अक्षरांवरून बोट फिरवलं. सिंधूताई गोपाळराव. त्यांचा चेहरा उतरला.

"माझं काहून टाकलं वं?" त्या हळूच म्हणाल्या. "भांडी तिची, अन् तिले वाचता येते न."

त्या दुपारी मात्र आवाज आला नाही. संध्याकाळी सगळी भांडी जागच्या जागी सुलटी होती. तिघंही टेबलावर जेवले. सिंधूताई पोटभर जेवल्या, आणि वैभवीनं देवाला हात जोडले.

सकाळी सिंधूताई टेबलाशी पोह्यांची बशी घेऊन बसल्या होत्या. समोरच्या फ्लॅटमधल्या भावनाताईंनी नेहमीसारखी जिन्यातून हाक मारली, "सिंधूताई, ओ सिंधूताई, भाजीवाला आला!"

सिंधूताईंनी मान वर केली नाही.

"आई, भावनाताई बोलावून राहिल्या तुम्हाले," वैभवी म्हणाली.

"मले?" त्यांनी वैभवीकडे पाहिलं. परक्या घरी पाहुणी आलेल्या बाईनं पाहावं तसं, अदबीनं, जरा बुजून. "माझं नाव नाही वं ते."

स्वयंपाकघरात कुणीतरी डोंग्यावर झाकण ठेवलं. मग आतूनच, जन्मभर त्या घरात राबल्यासारखा, एका बाईचा मोकळा आवाज आला, "आली वं भावना, आली."

सिंधूताईंनी आपल्या बशीतले पोहे हातानं नीट टेबलावर काढून ठेवले. बशी उचलली, उलटी केली आणि बुडाशी निरखून पाहिलं. मग ती पालथी ठेवली, आणि पाण्याचा पेला उचलला.