आडवी रेष

"हा एसी कुणी बसवलाय? नुसता घरघरतोय," खोलीत पाऊल टाकताच तो म्हणाला. फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. स्वर्गात गेला तरी आधी तिथली गार हवा तपासेल.

"एसीचं नंतर बघा. आधी इथे बसा," बायको म्हणाली आणि तिने त्याला संगणकाच्या टर्मिनलसमोरच्या खुर्चीत जवळजवळ दाबूनच बसवलं. दोन जिने चढून त्याला धाप लागली होती. पावलं सुजल्यामुळे बुटांच्या नाड्या सैल सोडल्या होत्या.

पाणीपुरवठा खात्याच्या या खोलीत ती प्रोग्रामर होती. जलाशयांच्या पातळ्यांचे आकडे टाइप केले की काळ्या पडद्यावर हिरवी रेष उमटायची. मोजपट्टी बदलायला सांगितली की पडदा क्षणभर लख्ख उजळायचा, जुनं चित्र पुसलं जायचं आणि त्याच आकड्यांचं नवं निघायचं. आज जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला आणायची परवानगी तिने साहेबांकडे मागितली होती.

"खासगी काम आहे का?"

"हो साहेब, खासगीच."

साहेब बघतच राहिले. या बाईने इतक्या वर्षांत खात्याची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. फक्त एक कागद नेला होता, आणि तोच नडला होता.

नवऱ्याची मूत्रपिंडं थकत चालली होती. दर तपासणीत रक्तात साठणाऱ्या क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला असायचा, आणि स्वारी आकडे ऐकूनच घ्यायची नाही. "आकडे वाचू नकोस, चित्र काढून दाखव," म्हणायचा. तिने काढलं. यंत्राने आपल्या हिशेबाने मोजपट्टी निवडली आणि रेष घाटासारखी वर चढत गेली. हे घरी कसं दाखवायचं? तिने उभ्या पट्टीची वरची मर्यादा शंभर टाकली. आकडे तेच, खरेच. पण रेष तळाशी निपचित पडून राहिली. त्या चित्राची छापील प्रत तिने घरी नेली. बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला. ते जेवण बघून तिला आपण केलं ते बरंच केलं असं वाटलं होतं.

कागद दुकानाच्या भिंतीवर लागला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आता दुसरं मूत्रपिंड बसवायलाच हवं, मोठ्या बहिणीचं जुळतंय. तर हा हटूनच बसला. "रेष आडवी आहे. ताईला कशाला फाडायचं?" चित्र फसवं आहे असं बायकोने सांगून पाहिलं, तर म्हणाला, "तुला डॉक्टरांनी पढवलंय." ताई बॅग भरून येऊन राहिली होती. "लहानपणी माझी खेळणी न विचारता पळवायचा. आता मी आपणहून देतेय तर याचं नाक वर!" सगळे हसले, तोही हसला, पण होकार काही दिला नाही. आणि डॉक्टर म्हणत होते, उद्यापर्यंत कळवा. अजून थांबलात तर शरीराला शस्त्रक्रिया सोसणार नाही.

सांगून ऐकत नाही ना, मग याच्याच हाताने करून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"हे तुमचे रिपोर्ट. पडद्यावरचे आकडे जुळवून घ्या."

त्याने पहिल्यांदाच ते रिपोर्ट नीट पाहिले. "बरोबर आहेत."

"आता वरची मर्यादा टाका. शंभर."

त्याने एका बोटाने टाइप केलं. पडदा उजळला, विझला. "हीच ती! दुकानातली!"

"आता दहा टाका."

"कशाला?"

"टाका ना हो."

त्याने दहा टाकलं. रेष डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि उजवीकडे चढतच गेली.

"तू आकडे बदललेस."

"मी हात तरी लावला का?"

त्याने पुन्हा शंभर टाकलं. रेष आडवी. पन्नास टाकलं, किंचित उचलली. पुन्हा दहा. समजावून सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते आवरलं. शेवटी त्याने विचारलं, "मग यातली खरी कुठली?"

"दोन्ही खऱ्या. पण शंभरपर्यंत माणूस पोचतच नाही हो. त्याच्या कितीतरी आधी..." पण आज अर्धवट सोडायचं नव्हतं. "त्याच्या कितीतरी आधी माणूस जातो. तुम्ही घाबरू नये म्हणून मी शंभर टाकला. चुकलं माझं. मला तुम्ही हवे आहात."

आता हा चिडणार, म्हणून ती तयारीतच उभी होती. त्याने मात्र पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं.

"म्हणजे इतके महिने ही चढती रेष तू एकटीच बघत होतीस?"

याची तयारी तिने केली नव्हती. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"ताई कुठंय?"

"बाहेर, बाकावर."

"बोलाव तिला."

ताई आत आली. पडद्यावरचं तिला काही कळलं नाही; तिने भावाचा चेहरा पाहिला. खोलीत खुर्ची एकच होती. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले, श्वास घेतला, सुजल्या पावलांवर उभा राहिला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बस ताई," तो म्हणाला. "तू देतेयस ते घेतो मी."

एरवी त्याला क्षणभर उभं राहू न देणारी ताई आज बसली.