कारण मात्र नवीन हवं

जपानी विद्यार्थी वर्गात मूग गिळून बसतात असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते आधी एकमेकांकडे बघून घेतात. वयानं मोठा कोण, तो काय म्हणतो, आणि मग बाकीचे ओळीनं, "माझंही तेच मत." टोरोंटोत यंग स्ट्रीटवर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची इंग्रजीची शाळा होती. २००७ साली तिथे मी अशाच एका वर्गाला मत मांडायला आणि ते पटवून द्यायला शिकवत होते. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकल्यावर तो वर्ग माझ्या गळ्यात मारला होता.

नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून आलेली बाई मी, मला कसली भीती! मी दोन नियम केले. मत तेच असलं तरी चालेल, कारण मात्र नवीन हवं. आणि उदाहरण पुस्तकातलं नको, स्वतः पाहिलेलं हवं. सुरुवातीला रडारड झाली. मग कधी मान वर न करणारी अयाका एकदा चक्क म्हणाली की ती जिच्या घरी राहते ती बाई वाईट स्वयंपाक करते, कारण तिला मीठ ठाऊक नाही; उदाहरणार्थ, कालचा पास्ता. मी टाळ्याच वाजवल्या.

मार्चमध्ये परमनंट जागा निघाली. मी इतकी वर्षं तासिकेवर राबत होते, विद्यार्थी कमी झाले की घरी बसत होते. ही जागा मला हवीच होती. संचालक डेव्हिड माझा वर्ग बघून निर्णय घेणार होता.

"डोन्ट वरी, सुनेत्रा," आमचे शैलेंद्र सकाळी बूट घालताना म्हणाले. "तुझं ग्रामर तिथे कोणाला येतं? जस्ट रिलॅक्स कर." यांचं काय जातंय सांगायला! मिसिसागाहून बस आणि सबवे बदलत मीच जाणार होते.

डेव्हिड मागच्या बाकावर बसला. शाळेत गणवेश असावा का, हा विषय मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात त्यानं हसत हात वर केला. "मी एक विषय देऊ? इंग्रजी शिकवायला ती मातृभाषा असलेला शिक्षकच हवा का?"

वर्ग नेहमीप्रमाणे फुजितासानांकडे वळला. ओसाकाच्या कंपनीनं पाठवलेले, पन्नाशीचे, सगळ्यांत वडील. त्यांनी डेव्हिडकडे एकदा पाहिलं. पाहुण्याला काय ऐकायचंय ते त्यांनी बरोबर ओळखलं.

"माझ्या मते, हवा. कारण उच्चार. उदाहरणार्थ, आमच्या टीचरचे उच्चार टीव्हीवरच्यासारखे नाहीत." मला वाकून नमस्कार करून ते खाली बसले.

झालं! वडीलधारा माणूस बोलला, आता विरोध म्हणजे चारचौघांत त्यांचा अपमान. आणि नुसतं "माझंही तेच" म्हणायला तर मीच बंदी घातलेली. मग एकेक जण उठला. टीचरना हॉकीचं विचारलं तर सांगता आलं नाही. टीचर तरुणांची बोली बोलत नाहीत. टीचर फार भरभर बोलतात. सगळं मुद्देसूद, आणि उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर मी उभी. अयाकानं तर सर्वांत सुरेख मांडलं: मनातलं बोलायला टीचरनाही इंग्रजी पुरत नाही, उदाहरणार्थ, फोनवर त्या नवऱ्याशी दुसऱ्याच भाषेत भांडतात. वर्ग हसला. मीही हसले. आपलेच दात, आपलेच ओठ.

"कमाल शिकवलंयस," तास संपल्यावर डेव्हिड त्याच्या केबिनमध्ये म्हणाला. "पण त्यांना काय वाटतं ते तू स्वतःच ऐकलंस."

काय बोलणार मी? त्यांना तसं वाटत नाही, ते नुसतं बोलले, असं म्हणावं, तर मग मी शिकवलं काय? जागा ओकव्हिलच्या एका मुलीला मिळणार होती. नुकतीच युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलेली, पण अस्सल इथली. "तिला तुझी पद्धत जरा दाखवशील?" असंही त्यानं विचारलं. हलकट मेला! मी हो म्हणाले.

बाहेर अयाका उभी होती. दार उघडंच होतं, तिनं ऐकलं असणार. तिचे डोळे लाल झाले होते.

"टीचर, आम्हाला दुसरं कोणी नको. तुम्हीच हव्यात."

"मग वर्गात का नाही बोललीस?"

"फुजितासान आधी बोलले होते."

मी तिचं मनगट धरलं. "चल आत. हेच डेव्हिडला सांग. आत्ता."

ती जागची हलली नाही. "फुजितासानना कळलं तर फार वाईट वाटेल," ती म्हणाली.

"आणि मला?" मी ओरडले. "मला काय वाटेल?"

ती कमरेत वाकली, खूप खाली, आणि मी कोट चढवून जिना उतरायला लागले तरी तशीच वाकलेली होती.